ओन्ता-याकी: हाताने केलेली जपानी भांडी रोज जेवायला वापरायची असतील तर इथूनच घ्या

जपानमध्ये राहणाऱ्या किंवा इथे फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण विचारतात की हाताने केलेली भांडी कुठून घ्यायची, आणि बहुतेक जण शेवटी मोठ्या शहरातल्या एखाद्या गिफ्ट शॉपमधून एक नाजूक कप घेतात, तो शोकेसमध्ये जातो आणि तिथेच राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की रोजच्या वरणभाताला, पिठल्याला, कोशिंबिरीला वापरायची असतील तर जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर ओन्ताला जा. ओइता प्रांतात हिता नावाचं शहर आहे, तिथून उत्तरेला डोंगरात वर गेलं की सारायामा नावाची एक छोटीशी वाडी लागते, तीच ही ओन्ता-याकीची जागा. वाडी म्हणजे खरंच वाडी, एकच चढाचा रस्ता, मधून वाहणारा ओढा, दोन्ही बाजूंना घरं, आणि त्या मोजक्या घरांतली नऊ-दहा घरं कुंभारांची.

रेटिंग द्यायचं तर मी डोळे झाकून पाचपैकी पाच देईन, पण का ते नीट सांगते कारण नुसतं "छान आहे, जरूर घ्या" लिहून काही उपयोग नाही.

आधी घराण्यांबद्दल. हे काम १७०५ मध्ये सुरू झालं. शेजारच्या डोंगरापलीकडे कोइशिवारा नावाचं कुंभारांचं गाव आहे (ते आता फुकुओका प्रांतात येतं), तिथून यानासे सानएमोन नावाच्या कुंभाराला इकडे बोलावलं, कुरोगी जुबेईने पैसे घातले आणि साकामोतो घराण्याने जमीन दिली. आणि आज तीनशे वर्षांनी तुम्ही वाडीतून चालत गेलात की घरांवरच्या पाट्यांवर हीच नावं दिसतात, यानासे, कुरोगी, साकामोतो, आणि त्यांच्या जोडीला कोबुकुरो. एका आडनावाची दोन-तीन घरं असतात त्यामुळे पत्ता सांगताना लोक आडनावापुढे घरातल्या माणसाचं नाव लावतात. बाहेरचा शिकाऊ माणूस ठेवायचा नाही, प्रत्येक घरातून एकाच मुलाने चाकावर बसायचं, त्याने बापाकडून शिकायचं आणि पुढे आपल्या मुलाला शिकवायचं, हा इथला शिरस्ता. मी ज्या घराच्या कारखान्यात उभी राहिले होते तिथे खिडकीशी दोनच चाकं होती, एकावर वडील, एकावर मुलगा. तिसऱ्या चाकाला जागाच नाही.

हे ऐकायला जरा जाचक वाटतं ना? मलाही वाटलं, आणि एका बाबतीत अजूनही वाटतं, ते पुढे लिहिते. पण त्यामागे जे कारण आहे ते समजलं की या भांड्यांकडे बघायची नजरच बदलते. ते कारण म्हणजे माती.

इथली माती पिशवीतून विकत येत नाही. गावामागच्या डोंगरातूनच खणतात आणि सगळ्या घरांत वाटून घेतात. ती दगडासारखी कडक असते, ती कुटायला मशीन नाही, ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं आहेत, त्यांना कारा-उसु म्हणतात. आता हे कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. एक जाडजूड लांब ओंडका मध्यावर आडव्या दांड्यावर टेकवलेला असतो, त्याचं एक टोक पळीसारखं कोरलेलं, त्यात ओढ्याचं पाणी पडत राहतं. पाणी भरलं की ते टोक जड होऊन खाली जातं, दुसरं टोक वर उचललं जातं, खाली गेल्याबरोबर पाणी सांडून जातं आणि दुसऱ्या टोकाचं मुसळ धाडकन खड्ड्यातल्या मातीवर येऊन आदळतं. मग परत पाणी भरायला लागतं. दोन आघातांच्या मधे एक करकर असा लाकडाचा आवाज येतो, लांबलचक, आणि मग धप्प. आणि अशी उखळं ओढ्याच्या काठाने ओळीने लावलेली आहेत, प्रत्येकाची लय वेगळी, दिवसरात्र चालू. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये देशातले जपून ठेवावेत असे शंभर आवाज निवडले त्यात हा आवाज आहे.

माती अशी साधारण वीस दिवस ते महिनाभर कुटली जाते. मग पाण्यात कालवायची, चाळायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, निथळवायची, सुकवायची, आणि हे सगळं काम बहुतेक करून घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं करतात. म्हणजे मुद्दा असा की उखळ जेवढी माती देईल तेवढीच भांडी होतात. उद्या एखाद्या घराने चार पगारी माणसं बसवली तरी माती कुठून आणणार? आणि एकाने विजेचं मशीन लावलं तर बाकीच्यांना लावावंच लागेल, मग डोंगरातली माती भराभर संपेल. म्हणून कोणीच लावत नाही. एक घर एक मूल हा नियम असा माती आणि पाण्याला धरून आहे, मोठेपणा मिरवायला नाही. मला हे फार पटलं. आपल्याकडे परंपरा म्हटलं की लगेच भारावून बोलायला सुरुवात होते, इथे ते एक साधं गणित आहे आणि ते गणित सगळी घरं मिळून पाळतात.

आता चाकावरचं काम. चाक पायाने फिरवायचं, खाली जड फळी असते तिला पायाने ढकलत राहायचं, वर हात मोकळे. इथल्या मातीत लोखंड भरपूर आहे त्यामुळे नुसती भाजली तर भांडं गडद, काळपट होतं, म्हणून भांडं थोडं सुकल्यावर त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देतात, आणि मग त्या लेपावर नक्षी. ओन्ताची ओळख म्हणजे दोन नक्ष्या, तोबीकान्ना आणि हाकेमे.

हाकेमे म्हणजे लेप ओला असतानाच चाक फिरवत त्यावर रुंद ब्रश टेकवत जायचा, मग मधून बाहेर फुलत गेलेल्या पाकळ्यांसारखे पट्टे उमटतात. तोबीकान्ना मी अगदी जवळून बघितलं आणि तिथून हलावंसंच वाटेना. ताटली चाकावर मधोमध बसवली, वडलांनी हातात एक वाकवलेली लवचिक पोलादी पट्टी घेतली, जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची करतात ती. चाक फिरायला लागलं आणि त्यांनी पट्टीचं टोक लेपाला नुसतं लावलं, दाबलं नाही. पट्टी थरथरायला लागली, टरर्र असा आवाज, आणि प्रत्येक थरथरीला लेपाचा एक बारीक टवका उडत होता आणि खालची गडद माती दिसत होती. त्यांचा हात मधल्या बिंदूपासून काठाकडे सावकाश सरकला आणि ती शेकडो खुणांची चक्री पूर्ण झाली, श्वास घेऊन सोडावा एवढ्या वेळात. परत हात लावून सारखं करणं वगैरे काही नाही. ताटली उचलली, फळीवर ठेवली, दुसरी घेतली. प्रत्येक खूण वेगळी असते कारण हाताचा दाब, चाकाचा वेग, लेप किती सुकलाय हे सगळं दर वेळी थोडं बदलतं, पण लांबून बघितलं तर ताटली शांत दिसते. ज्यांना वाटतं की हे ठशाने करतात त्यांनी ताटली हातात घेऊन बोट फिरवून बघा, खुणांच्या कडा बोटाला लागतात.

झिलई, म्हणजे भाजल्यावर भांड्यावर येणारा काचेसारखा थर, ती पण तिथेच करतात, लाकडाची राख, भाताच्या काडाची राख, दगडाची पूड असं घालून. फिकट पारदर्शक, मधासारखी तपकिरी, हिरवी, काळी असे मोजकेच रंग. हिरवा रंग तांब्याने येतो, तो ओघळलेला असतो काठावरून आणि मला तोच सगळ्यात आवडतो. भाजायला डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या कप्प्यांच्या भट्ट्या आहेत, काही घरांची मिळून एक सामाईक आणि बाकीच्यांची आपापली, लाकडावरच चालणारी. हिताचा भाग सुरूसारख्या उंच सुगी झाडांच्या लाकडासाठी नावाजलेला आहे, तिथल्या लाकूड कारखान्यांत उरलेल्या फळकुटांवर या भट्ट्या पेटतात. एका भट्टीला दोन-दोन दिवस रात्रंदिवस लाकूड घालत बसावं लागतं, एक कप्पा झाला की वरचा.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त भावली. ताटली उलटी करून बघितली तर कुंभाराचं नाव नाही. कोणत्याच घराचं नाही. काहींवर ओन्ताचा शिक्का असतो, काहींवर तोही नाही. १९३१ मध्ये यानागी सोएत्सु इथे आले, हे जपानमधल्या लोककला चळवळीचे प्रणेते, साध्या अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंत खरं सौंदर्य असतं असं सांगणारे, आणि त्यांनी या वाडीबद्दल लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला ही जागा कळली. तोपर्यंत इथली माणसं आजूबाजूच्या शेतकऱ्यांसाठी रांजण, बरण्या, पाण्याचे डेरे, दारूचे बुधले करत होती आणि उरलेल्या वेळात शेती. मग १९५४ मध्ये इंग्लंडचे प्रसिद्ध कुंभार बर्नार्ड लीच काही आठवडे इथे राहून काम करून गेले आणि मग तर गर्दीच सुरू झाली. असं झालं की कुठल्याही गावात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, दोन जण मोठे होतात, सही करायला लागतात, त्यांची किंमत दसपट होते, बाकीचे मागे पडतात. इथे तसं झालं नाही. जपान सरकार एरवी एकेका कलाकाराला लिव्हिंग नॅशनल ट्रेझर ठरवतं, पण ओन्ताला १९९५ मध्ये महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान मिळाला तो सगळ्या घरांच्या मिळून केलेल्या मंडळाला, एका माणसाला नाही. याचा ग्राहक म्हणून आपल्याला सरळ फायदा होतो, कारण नावाचे पैसे द्यावे लागत नाहीत, भांड्याचे द्यावे लागतात.

किमतींचं सांगते. साधारण १५ सेंटिमीटरची छोटी ताटली हजार-दीड हजार येनच्या आसपास, २१ ते २४ सेंटिमीटरची जेवायची ताटली दोन ते चार हजार येन, वाट्या-कप त्याच्या आगेमागे. मोठी परातीएवढी थाळी किंवा झाकणाची बरणी घेतली तर अर्थातच वर जातं. पण विचार करा, महिनाभर कुटलेली माती, पायाने फिरवलेलं चाक, लाकडावरची भट्टी, आणि एवढ्या पैशात. शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरमधे फॅक्टरीत केलेली ब्रँडेड प्लेट याहून महाग असते.

वापराबद्दल, कारण रिव्ह्यूत तेच महत्त्वाचं. आमच्याकडे रोज मराठी जेवण असतं आणि ओन्ताच्या ताटल्या रोज टेबलावर असतात. जाड आहेत, वजनदार आहेत, काठ गोलसर आहे त्यामुळे सहज टवका उडत नाही. पिठलं किंवा आमटी घालायला खोलगट ताटली घ्या, काठाला थोडा उठाव असतो त्यामुळे भाताबरोबर कालवून खाता येतं. सपाट ताटली पोळीभाजीला बरी पण त्यात आमटी घेऊ नका, पळत जाते. काताकुची नावाचा एक प्रकार मिळतो, म्हणजे एका बाजूला तोटी काढलेला वाडगा, तो घ्याच, ताक वाढायला, कढी वाढायला इतका सोयीचा आहे की मी तो कपाटात ठेवतच नाही. झाकणाच्या छोट्या बरणीत मी जाडं मीठ ठेवते, पावसाळी दमट हवेतही मीठ बरं राहतं.

हळदीचं विचाराल तर हो, डाग पडतो. ही पोर्सेलीन नाही, मातीची भांडी आहेत, झिलईत केसाएवढ्या बारीक रेघा असतात आणि पायाजवळ झिलई नसते, त्यातून पाणी-तेल आत जातं. पांढऱ्या हाकेमेच्या ताटलीवर रस्सा भाजी रोज घेतलीत तर काही महिन्यांत त्या रेघा पिवळसर दिसायला लागतात. इथले लोक याला भांडं मुरणं समजतात आणि मलाही ते आवडतं, पण ज्यांना चकचकीत पांढरंच हवं त्यांनी तपकिरी किंवा हिरवी झिलई घ्या. उपाय सोपा आहे, नवीन भांडं आणलं की आधी तांदळाच्या धुवणात ठेवून मंद आचेवर उकळवायचं, तसंच गार होऊ द्यायचं, धुऊन पूर्ण वाळवायचं. आणि रोज वाढायच्या आधी दोन मिनिटं साध्या पाण्यात बुडवून पुसून घ्यायचं, मग तेल-हळद पटकन शोषलं जात नाही. जेवण झाल्यावर खरकटं रात्रभर ठेवू नका. डिशवॉशर नको, ओव्हन नको, मायक्रोवेव्हही मी टाळते. बूड खरखरीत असेल तर बारीक सँडपेपर फिरवा, नाहीतर लाकडी टेबलाला ओरखडे पडतात. आणि पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक रचून कपाटात ठेवू नका, दमट हवेत बुरशीचा वास धरतो.

निवडताना घाई करू नका. घरासमोर लाकडी मांडण्यांवर ढीग मांडलेले असतात, एकाच आकाराच्या दहा ताटल्यांत दहा वेगळ्या असतात, एखादीचा हिरवा ओघळ मस्त आलेला असतो, एखादीवर आच जास्त लागून रंग खोल झालेला असतो. टेबलावर ठेवून डगमगते का ते बघा, बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, स्वच्छ आवाज आला तर तडा नाही. घरचं कोणी बाहेर नसेल तर हाक मारायची, आतून कोणीतरी माती लागलेले हात पुसत येतं. मी जिथून घेतली तिथल्या आजींनी मला विचारलं की यात काय खाणार, मी भात आणि डाळ म्हटल्यावर त्यांनी मी हातात धरलेली सपाट ताटली काढून घेतली आणि खोलगट दिली. तीच आता सगळ्यात जास्त वापरात आहे. पैसे रोखच न्या, आणि गुंडाळायला वर्तमानपत्राचा कागद देतात, विमानाने भारतात न्यायची असतील तर एखादा जाड टॉवेल बरोबर ठेवा.

आता ती खटकणारी गोष्ट. मातीचं एवढं जिकिरीचं काम बायका करतात, चाळणं, गाळणं, सुकवणं, भट्टीला लाकूड देताना त्याही उभ्या असतात, पण चाक वंशपरंपरेने मुलाकडे जात आलंय. एक घर एक मूल हे मी समजू शकते, ते मूल मुलगी का नसावी हे मला समजत नाही. जपानमधे खेड्यापाड्यातून तरुण मुलं शहरात निघून जातायत, घरागणिक एकच वारस असेल आणि त्याने नको म्हटलं तर ती भट्टी बंद. मी हे टीका म्हणून कमी आणि काळजी म्हणून जास्त लिहितेय, कारण हे काम थांबू नये असं मनापासून वाटतं.

आणि काळजीचं दुसरं कारण पाऊस. ज्या ओढ्यावर सगळं चालतं तोच ओढा उलटतो. २०१२ च्या जुलैत उत्तर क्यूशूत अतिवृष्टी झाली त्यात उखळं वाहून गेली, मोडली, ती परत उभी केली, आणि २०१७ च्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस, पुन्हा उखळांचं आणि माती खणायच्या जागेचंही नुकसान. प्रत्येक वेळी ओंडके कोरून नवीन केले आणि परत लावले. उखळ बंद म्हणजे माती बंद, माती बंद म्हणजे चाक बंद, विजेचं मशीन आणून वेळ मारून नेणं सोपं होतं, पण त्यांनी लाकडाचीच उखळं पुन्हा बसवली. मला या माणसांबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

जायचं कसं: फुकुओकातल्या हाकाता स्टेशनवरून हिताला ट्रेन किंवा हायवे बस, दीड तासाच्या आसपास. हितावरून सारायामाला बस आहे पण दिवसाला मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर गाडी भाड्याने घ्या, अर्धा-पाऊण तासाचा घाटरस्ता आहे. वाडीत एक छोटं संग्रहालय आहे, तिथे जुने रांजण-बरण्या मांडलेत, खरेदीच्या आधी बघा म्हणजे नजर तयार होते. ऑक्टोबरमधे भांड्यांची जत्रा भरते तेव्हा माल भरपूर आणि भाव थोडे कमी, पण गर्दी खूप, चाकावरचं काम शांतपणे बघायला मिळणार नाही. ते बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. भट्टी नुकतीच उघडली असेल तर नशीब, मांडण्या भरलेल्या असतात, नाहीतर दोन घरं रिकामी आणि तिसऱ्यात माल असं होतं, त्यामुळे एकाच घरात सगळं घेऊ नका, वरपर्यंत चालत जा. आणि वेळ असेल तर हितातली मामेदा ही जुनी पेठ पण करून या. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी एक खोलगट ताटली आणि एक काताकुची एवढंच घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीचं ठरवा.